समता हजेरीपटावर दिसली पाहिजे

१ मे २०२५ रोजी, कामगार दिनाच्या दिवशी, बेंगळुरूमध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या उपस्थितीत महानगरपालिकेच्या १२,६९२ सफाई कामगारांना कायम नेमणुकीची पत्रे देण्याचा कार्यक्रम झाला. कर्नाटकात या कामगारांना 'पौरकार्मिक' म्हणतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दलित समाजातल्या आहेत. दहा-दहा, वीस-वीस वर्षे रस्ता झाडूनही त्यांपैकी अनेकींकडे आपण पालिकेच्या नोकर आहोत हे सिद्ध करणारा कागदाचा एक तुकडाही नव्हता. तो त्या दिवशी हाती आला.

आपल्याकडे या घटनेची फारशी चर्चा झाली नाही. शेजारच्या राज्यातील एका पालिकेचा प्रशासकीय निर्णय, एवढेच त्याचे महत्त्व मानले गेले. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्त्री-पुरुष समता कशी आणावी, हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे देशात चर्चिला जात आहे आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर बेंगळुरूच्या झाडूवाल्या बायांनी दिले आहे, असे आमचे मत आहे. समतेचे धोरण जाहीरनाम्यात किती पाने व्यापते यावरून त्याची परीक्षा होत नाही. महिला दिनाला किती सत्कार झाले यावरूनही होत नाही. पालिकेच्या हजेरीपटावर स्त्रीचे नाव कसे लिहिले आहे, कायम की कंत्राटी, यावरून ती होते.

राखीव जागांचा मार्ग आणि त्याची मर्यादा

राखीव जागांचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. उलट या बाबतीत कर्नाटकाने देशाला वाट दाखविली, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारात पंचायत राज खाते सांभाळणारे अब्दुल नझीर साब यांच्या पुढाकाराने १९८३ चा पंचायत कायदा झाला. त्यात जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी पंचवीस टक्के जागा राखीव ठेवण्यात आल्या. १९८७ साली त्यानुसार निवडणुका झाल्या आणि सुमारे चौदा हजार स्त्रिया निवडून आल्या. त्याआधी 'बायका मिळणार कोठून?' असे विचारणाऱ्यांची तोंडे त्या निकालाने बंद झाली.

महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत तीस टक्के जागा राखून ठेवल्या. मुंबई महानगरपालिकेची १९९२ ची निवडणूक त्यानुसार झाली. पुढे राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्यांनी १९९३ पासून एक तृतीयांश जागा देशभर बंधनकारक झाल्या. १९९४ मध्ये महाराष्ट्राने राज्याचे महिला धोरण जाहीर केले. २०११ मध्ये येथे स्थानिक संस्थांतील हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेले. बेंगळुरूतही २०१५ ची पालिका निवडणूक निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून झाली. १९८ प्रभागांच्या त्या सभागृहात पुरुषांच्या बरोबरीने स्त्रिया बसल्या. २०१६ मध्ये जी. पद्मावती आणि २०१८ मध्ये गंगांबिके मल्लिकार्जुन या महापौर झाल्या.

सभागृह निम्मे स्त्रियांचे झाले, तरी त्याच सभागृहाच्या दारासमोरचा रस्ता झाडणारी स्त्री त्या काळात कायम नोकर नव्हती. निवडून आलेल्या भगिनींना याबद्दल दोष देणे सोपे आहे, पण ते योग्य होणार नाही. बेंगळुरूच्या महापौराची मुदत तेव्हा अवघी एक वर्षाची होती. खात्यांची माहिती होईपर्यंत खुर्ची सोडण्याची वेळ येत असे. खरी सत्ता आयुक्ताच्या हाती, आणि आयुक्त राज्य सरकारला बांधलेला. नोकरभरतीची पदे मंजूर करायची ती राज्याने. नगरसेविकेच्या हाती राहतो तो वॉर्डातला गटाराचा नि दिव्याचा प्रश्न. ज्या संस्थेला स्वतःच्या झाडूवाल्यांची पदे निर्माण करता येत नाहीत, तिच्यात निम्म्या जागा मिळाल्या म्हणजे निम्मी सत्ता मिळाली असे होत नाही.

त्यातही दुसरी गंमत अशी की, या निम्म्या जागाच एके दिवशी नाहीशा झाल्या. बेंगळुरू महानगरपालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. प्रत्यक्षात प्रभागरचना, आरक्षण, नवा कायदा, न्यायालयीन वाद अशी कारणे निघत गेली आणि तेथे प्रशासकाचा कारभार सुरू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये जुनी पालिका मोडून तिच्या जागी पाच महानगरपालिका आणि त्यांच्यावर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण अशी रचना आली, तोपर्यंत पाच वर्षे त्या महानगरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता आणि म्हणून एकही नगरसेविका नव्हती. आपल्या मुंबईनेही यापेक्षा वेगळे काही केले नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे मुंबईचा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. स्त्रियांच्या राखीव जागांचा गजर करणाऱ्या एकाही सरकारला या काळात त्या जागा रिकाम्या असल्याची खंत वाटली नाही.

कंत्राटाच्या झाडूची गोष्ट

आता हजेरीपटाकडे वळू. शहर वाढत गेले, रस्ते वाढत गेले, पण पालिकेची कायम पदे वाढली नाहीत. झाडलोट आणि कचरा उचलणे कंत्राटदारांकडे गेले. बेंगळुरू हे याचे ठळक उदाहरण. मात्र मुंबई, पुणे, नागपूरच्या वाचकांना यात नवीन काही सांगायला नको. कंत्राटदार पालिकेकडून माणशी पैसे घेणार आणि कामगाराच्या हाती त्यातले किती द्यायचे ते स्वतः ठरवणार. हजेरी घेणारा 'मेस्त्री', म्हणजे आपल्याकडचा मुकादम, हा कंत्राटदाराचा माणूस. कामावर घ्यायचे की घरी पाठवायचे ते त्याच्या तोंडावर. पगाराची पावती नाही, भविष्य निर्वाह निधीची कपात होते पण खात्यावर दिसत नाही, आजारी पडले की खाडा, बाळंतपण आले की नाव कमी. आणि कागदावर मात्र कामगारांची संख्या भरपूर! प्रत्यक्षात नसलेल्या माणसांची नावे हजेरीपटावर लावून पैसे उचलण्याचा उद्योग तेथे वर्षानुवर्षे गाजत होता. म्हणजे प्रत्यक्ष राबणारी स्त्री कागदावर नाही आणि कागदावर असलेला माणूस रस्त्यावर नाही, असा तो हजेरीपट.

या व्यवस्थेत स्त्रियाच का भरल्या गेल्या, याचा विचार करावा लागेल. त्यांचे हात कुशल नव्हते म्हणून नव्हे. पहाटे घर सोडून दुपारी परत येणारे काम घरकामाशी जुळवून घेता येते, नवऱ्याच्या कमाईला 'जोड' म्हणून ते केले जाते, जातीने ते काम आधीच त्यांच्या माथी मारलेले असते, आणि मेस्त्रीपुढे आवाज चढवला तर उद्याची चूल बंद होते. या चारही गोष्टी कंत्राटदाराच्या फायद्याच्या. स्त्रीची घरातली दुय्यम जागा हीच त्याची नफ्याची जागा. म्हणून कंत्राट पद्धतीचा प्रश्न आणि स्त्री-पुरुष समतेचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पहिल्याला हात न लावता दुसरा सोडवू पाहणारे धोरण म्हणजे गळक्या टाकीला रंग लावणे होय.

पत्र हाती आले ते कसे?

हे पत्र कोणा एका मुख्यमंत्र्याच्या उदारपणातून आलेले नाही. बेंगळुरूमध्ये पौरकार्मिकांनी आपली संघटना बांधली. बी.बी.एम.पी. पौरकार्मिकर संघ या संघटनेने कंत्राट रद्द करा, पगार थेट बँकेत द्या, कायम करा, या तीन मागण्या लावून धरल्या. २०१७ मध्ये राज्य सरकारने सफाईतील कंत्राट पद्धत बंद करण्याचा आणि पालिकेने थेट पगार देण्याचा निर्णय घेतला. निम्मा विजय झाला, पण त्याची किंमतही मोजावी लागली. बोटांच्या ठशांची हजेरी आली, नव्या याद्या झाल्या आणि त्या गोंधळात अनेकांचे पगार महिनोन्महिने अडकले. जुलै २०१८ मध्ये पगार न मिळाल्याने हवालदिल झालेल्या एका पौरकार्मिकाने आत्महत्या केली, तेव्हा कोठे थकबाकीच्या फायली हलू लागल्या.

न्यायालयाचा मार्ग तोवर अरुंद झालेला होता. रोजंदारीवर कितीही वर्षे काम केले तरी कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २००६ साली दिला. उमादेवी खटला म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे आणि तो खटला कर्नाटकातूनच गेलेला. त्या निकालाची ढाल करून सरकारे आणि पालिका कायम करण्याची मागणी फेटाळत राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगात सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या, जग्गो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्षानुवर्षे नियमित काम करणाऱ्यांविरुद्ध उमादेवी निकालाचा असा वापर करता येणार नाही असे बजावले आणि त्यांना कायम करण्याचा आदेश दिला. ज्यांना साहेबाच्या टेबलासमोर उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्या स्त्रियांच्या नावाने आज देशभरचे वकील दाखले देत आहेत.

बेंगळुरूच्या स्त्रिया मात्र या निकालाची वाट पाहत बसल्या नव्हत्या. १ जुलै २०२२ पासून राज्यभरच्या पौरकार्मिकांनी कामबंद आंदोलन पुकारले. बेंगळुरूचे कामगार फ्रीडम पार्कमध्ये जमले. शहरात कचऱ्याचे ढीग साचू लागले, तेव्हा रोज ज्यांच्याकडे पाहण्याचीही कोणाला गरज वाटत नव्हती त्यांची संख्या एकाएकी सर्वांना दिसली. सरकारने कायम करण्याचे आश्वासन दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ११,१३३ जणांना कायम करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर सरकार बदलले, पक्ष बदलला, पण मागणी बदलली नाही. म्हणून मे २०२५ चा दिवस उजाडला. एका पक्षाच्या सरकारने दिलेला शब्द दुसऱ्या पक्षाच्या सरकारला पाळावा लागला, याचे श्रेय संघटनेला आहे.

अजून काय राहिले?

हा विजय पुरा आहे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. दारोदार फिरून कचरा गोळा करणाऱ्या गाड्यांचे चालक, मदतनीस आणि कचरा भरणारे कामगार या निर्णयाच्या बाहेर राहिले. नेमणुकीच्या अटींत ज्यांचे वय बसले नाही, त्यांचे काय? ज्या वयस्कर स्त्रीने सर्वांत जास्त वर्षे झाडू मारला, तिलाच वयाची अट आडवी यावी, हा कसला न्याय? पदांची संख्याही पाहा. दर सातशे लोकसंख्येमागे एक पौरकार्मिक हे कर्नाटक सरकारचे प्रमाण. २०११ च्या जनगणनेत बेंगळुरू पालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे चौऱ्याऐंशी लाख होती. त्या हिशेबानेच बारा हजार माणसे लागतात. त्यानंतर शहर किती फुगले हे तेथे उद्यान एक्सप्रेस घेऊन जाणाऱ्या कोणत्याही गार्डबाबूला विचारावे.

दुसरा प्रश्न रोजच्या जगण्याचा. पहाटेपासून दुपारपर्यंत रस्त्यावर असणाऱ्या स्त्रीने लघवीला जायचे कोठे? कपडे बदलायचे कोठे? पोळी खायची कोठे? पाणी प्यायले तर जावे लागेल, म्हणून पाणीच न पिणाऱ्या आणि त्यापायी दुखणी ओढवून घेणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रत्येक शहरात आहेत. बेंगळुरूत अलीकडे पौरकार्मिकांसाठी 'सुविधा' नावाच्या केबिन उभारण्यास सुरुवात झाली. चांगले आहे. पण केबिन उभारणे एक आणि त्यात पाणी असणे, दाराला कडी असणे, किल्ली मेस्त्रीच्या खिशात नसणे हे दुसरे. संघटनेचे काम या दुसऱ्या भागात असते.

बाळंतपणाच्या रजेचेही तसेच. दिल्ली महानगरपालिकेने एके काळी आपल्या हजेरीपटावरच्या, म्हणजे रोजंदारीवरच्या, स्त्री कामगारांना बाळंतपणाची रजा नाकारली. ती फक्त कायम नोकरांना मिळते, असे पालिकेचे म्हणणे. मार्च २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याचे संरक्षण रोजंदारीच्या स्त्रियांनाही आहे असा निर्णय दिला. राजधानीच्या पालिकेला हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागले, यावरून पालिका मालक म्हणून कशा वागतात ते समजावे. पालिकेला नागरिकांची आई म्हणण्याची प्रथा आहे. आपल्या घरच्या लेकीला मात्र ही आई बाळंतपणाला सुट्टी देत नव्हती.

'पैसा कोठून आणायचा?'

या मागण्या पुढे आल्या की एक ठरलेला आक्षेप येतो. कायम पदे निर्माण केली तर पालिकेचे दिवाळे निघेल, मग रस्ते, पाणी, दिवे यांना पैसा कोठून आणायचा? या आक्षेपाला थट्टेने नव्हे, हिशेबाने उत्तर दिले पाहिजे. कंत्राटदाराचा नफा, बनावट नावांवर उचललेली रक्कम आणि बिले मंजूर करताना वाटेत गळणारा पैसा हा सगळा खर्च पालिका आजही करतेच. तो कामगाराच्या हाती पडत नाही, एवढेच.

शिवाय समतेची उधारी ठेवली तर ती व्याजासकट फेडावी लागते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम नगरपालिकेचे उदाहरण घ्या. तेथे कचरा उचलणाऱ्या आणि तत्सम कामांतील पुरुषांना बोनस मिळत असे आणि त्याच तोलाचे काम करणाऱ्या स्वयंपाकिणी, सफाई करणाऱ्या आणि वृद्धांची सेवा करणाऱ्या स्त्रियांना तो मिळत नसे. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पावणेदोनशेच्या आसपास माजी कर्मचाऱ्यांचा, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, थकबाकीचा दावा चालविण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर दाव्यांची रीघ लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या नगरपालिकेने आपली तिजोरी रिकामी झाल्याचे अधिकृतपणे जाहीर केले आणि समान वेतनाची थकलेली देणी हे त्याचे एक प्रमुख कारण होते. वेळीच समान पगार दिला असता तर एवढी रक्कम साचलीच नसती.

निवडून आलेल्या स्त्रिया आणि राबणाऱ्या स्त्रिया यांच्यातील अंतर फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेतील सॅन होझे शहरात १९८१ साली महापौर स्त्री होती आणि नगरमंडळातही स्त्रियांचे बहुमत होते. तरीसुद्धा ग्रंथालयातील व कचेरीतील स्त्री कर्मचाऱ्यांना त्याच दर्जाच्या पुरुषी कामांपेक्षा कमी पगार होता. तेथील पालिका कर्मचाऱ्यांच्या युनियनने जुलै महिन्यात नऊ दिवस संप केला, त्यात पुरुषही उतरले, तेव्हा ही तफावत कमी करण्यासाठी सुमारे पंधरा लाख डॉलर मंजूर झाले. सभागृहातील स्त्री आणि रस्त्यावरील स्त्री यांना जोडणारा पूल युनियनने बांधायचा असतो. तो आपोआप उभा राहत नाही.

आपला काय संबंध?

रेल्वे आणि टपाल खात्यातील आपले काही सहकारी विचारतील, हा तर पालिकेचा मामला, आपण केंद्र सरकारचे नोकर, आपला संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर आपापल्या कामाच्या जागी नजर टाकली की मिळेल.

मध्य रेल्वेचे माटुंगा स्थानक २०१७ पासून संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांचे स्थानक म्हणून ओळखले जाते. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये इंजिनावर रुजू झाल्या, देशातल्या पहिल्या महिला चालक ठरल्या आणि सप्टेंबर २०२५ अखेर निवृत्त झाल्या. याचा आपल्याला अभिमान आहेच. पण आपल्या स्थानकांचे फलाट पुसणारी आणि गाडीतले संडास धुणारी स्त्री कोणाच्या हजेरीपटावर आहे? एके काळी सफाईवाला हे रेल्वेतले कायम पद होते. आज ते काम बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराकडे आहे. इंजिनात स्वच्छतागृह हवे ही आपल्या चालक बंधूंची आणि भगिनींची जुनी मागणी, आणि बेंगळुरूच्या झाडूवालीची केबिनची मागणी, या एकाच जातीच्या मागण्या आहेत.

टपालातील बंधू-भगिनींना तर शब्दांचे हे राजकारण फार जवळचे आहे. काम टपालाचे, टपालाच्या शिक्क्याने, पण माणूस 'अतिरिक्त विभागीय', पुढे 'ग्रामीण डाक सेवक'. या कर्मचाऱ्यांचे पद हे सरकारी नागरी सेवेतील पद आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पी. के. राजम्मा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात दिला, तरी नियमित नोकराचा दर्जा आजही मिळालेला नाही. मुंबईत पालिकेने वस्त्यांमधील सफाई 'स्वयंसेवकां'कडून 'मानधना'वर करून घेतली. अंगणवाडीची 'सेविका', आरोग्याची 'आशा'. राबणाऱ्याला कामगार म्हणायचेच नाही, म्हणजे कामगाराचे हक्क द्यावे लागत नाहीत. आणि हे गोड शब्द बहुतेक वेळा स्त्रियांच्याच वाट्याला येतात, हा योगायोग नव्हे.

याहून तातडीचे एक कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षितता संहितेनुसार आस्थापनेच्या मूळ कामात कंत्राटी कामगार लावण्यास बंदी आहे. पण सफाई, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे अशी कामे मूळ कामातून वगळली आहेत. ती आस्थापना मुळात त्याच कामासाठी उभारलेली असेल तर मात्र ही सूट लागू होत नाही. येथे आपण ठाम भूमिका घेतली पाहिजे. शहर स्वच्छ ठेवणे हे पालिकेचे मूळ काम नव्हे, तर मग कोणते? हा मुद्दा पालिका कामगारांनी लढवला आणि जिंकला, तर उद्या फलाटावरच्या आणि टपाल छाननीच्या कार्यालयातल्या कंत्राटी कामगारासाठी लढताना आपल्यालाही त्याचे बळ मिळेल. ते हरले तर आपली पाळी दूर नाही.

आपण काय करावे?

आपण ज्या शहरांत राहतो तेथील नागरिक आहोत, मतदार आहोत. आपल्या शाखांनी पालिकेतील कामगार संघटनांबरोबर, बावटा कोणाचा हे न पाहता, पुढील मागण्या नगरसेवक-नगरसेविकांपुढे ठेवाव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली, प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर हजेरीपटाचा गोषवारा लावावा. किती कायम, किती कंत्राटी, त्यांत स्त्रिया किती, हे नागरिकांना वाचता यावे. दुसरी, सफाई, कचरा आणि गटारे ही कायमस्वरूपी कामे कायम कामगारांकडूनच करून घ्यावीत आणि आज राबणाऱ्यांना वयाच्या अटीने बाहेर काढू नये. तिसरी, प्रत्येक हजेरी चौकीवर पाणी, स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली असावी. चौथी, कामगार स्त्रियांसाठी पाळणाघरे असावीत. कर्नाटकाने २०२३ च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' म्हणजे बाळाचे घर ही योजना जाहीर केली. जे गावात सुचले ते महानगराला का सुचू नये? पाचवी, मुकादमाच्या आणि देखरेखीच्या जागांवर झाडू मारणाऱ्या स्त्रियांना बढतीने घ्यावे आणि लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने सांगितलेली समिती कागदावर न ठेवता चौकीवर माहीत करून द्यावी. सहावी, केरळने १९९७-९८ पासून स्थानिक संस्थांच्या योजना निधीतील दहा टक्के वाटा स्त्रियांच्या योजनांसाठी राखला, तसा वाटा आपल्या पालिकांनी राखावा. आणि सातवी, निवडणूक मुदतीत घ्यावी. रिकाम्या सभागृहात राखीव जागा असून उपयोग काय?

या मागण्या मांडताना आपल्या संघटनांनीही स्वतःकडे पाहावे. आपल्या शाखांच्या कार्यकारिणीत स्त्रिया किती? फलाटावरच्या कंत्राटी सफाई कामगार स्त्रीला आपल्या द्वारसभेत बोलायला उभे केले आहे काय? १९७४ च्या रेल्वे संपात आपल्या वसाहतींतल्या माता-भगिनींनी पोलिसांपुढे उभे राहून संप टिकवला, हे आपण दर वर्षी अभिमानाने सांगतो. त्यांना त्यानंतर संघटनेत कोणती जागा दिली, हेही सांगता आले पाहिजे.

बेंगळुरूच्या स्त्रियांनी कोणाकडे दया मागितली नाही. आपण शहराचे काम करतो, म्हणून शहराने आपले नाव आपल्या वहीत लिहावे, एवढेच त्या म्हणाल्या आणि ते लिहून घेईपर्यंत हटल्या नाहीत. पुढच्या शाखासभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर एक विषय अवश्य घ्यावा: आपल्या स्थानकात, आपल्या टपाल कार्यालयात सफाई करणाऱ्या स्त्रीचे नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे आणि तिला महिन्याला प्रत्यक्ष हाती किती मिळतात. ही माहिती काढायला एक दिवसही लागणार नाही. ती हाती आली की पुढचे काम ठरवता येईल.